बारा चाळीस

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी कॅसेट माझ्या टेबलावर आली. तारीख २१ नोव्हेंबर १९९७, शुक्रवार. कंपनीच्या माणसानं पाकीट ठेवलं, वहीत सही घेतली आणि गेला. कव्हरवर निळ्या भिंतीवरचं घड्याळ होतं, काटे बारा चाळीसवर. खाली नाव: ऊर्मी सरंजामे.

"देवस्थळी, मैत्रीण आली बरं का गावात," खांबेटे सर पलीकडच्या टेबलावरून म्हणाले. ते रविवार पुरवणीचे संपादक. समोरच्या माणसाकडे न बघता बोलायची त्यांना सवय होती.

"हो सर."

"ऑगस्टात ती सबंध महाराष्ट्राला सापडत नव्हती. तुलासुद्धा."

"हो सर."

"आज सापडलीय. दोन वाजता, हॉटेलवर. साडेपाचला पान छपाईला सोडायचंय. त्या बारा चाळीसला काय झालं, एवढं घेऊन ये. बाकीचं मी रचतो." मग ते पहिल्यांदा माझ्याकडे वळले. "ऑगस्टचं उट्टं काढ."

मुलाखती उतरवायला ऑफिसात एक वॉकमन होता. तो घेऊन मी संदर्भ विभागात जाऊन बसले. दहा गाणी होती. त्याआधीच्या ऊर्मीच्या पाचही कॅसेटना तिचा नवरा कौस्तुभ याचं संगीत होतं. कॉलेजातली पोरं रिक्षा थांबवून त्या चालींवर नाचायची. या कॅसेटवर त्याचं नाव नव्हतं. शब्द ऊर्मीचे, चाली ऊर्मीच्या. एक गिटार, एक तबला आणि बसलेला आवाज. नऊ गाणी कौस्तुभवर होती, ते कुणालाही कळलं असतं. दहावं दुसऱ्या बाजूला शेवटी होतं.

बारा चाळीस झाले, गाडी सुटून गेली,
मी दळण घेऊन घरी आले,
पीठ अजून गरम होतं.

मी फीत मागे घेतली आणि पुन्हा ऐकलं. मग तिसऱ्यांदा ऐकलं, यावेळी पॅडवर उतरवून घेत. शब्द तेच होते.

१४ नोव्हेंबर १९८९ला, मंगळवारी, मी घर सोडून निघाले होते. स्वारगेटहून रत्नागिरीची गाडी दुपारी बारा चाळीसला होती. आदल्या दिवशी जाऊन मी आरक्षण केलं होतं, सीट तेवीस. आमच्याच पेपरचा एक माणूस रत्नागिरीला वार्ताहर म्हणून गेला होता आणि तो मला घ्यायला येणार होता. माझा नवरा श्रीरंग पिंपरीच्या कारखान्यात पहिल्या पाळीला होता. सकाळी जाताजाता मी गिरणीत दळण टाकलं होतं. का टाकलं, ते मला आजही सांगता येणार नाही. रोजची सवय. स्टँडवर बसल्यावर डोक्यात एवढंच आलं, की डबा न्यायला कुणी आलं नाही, तर गिरणीवाला संध्याकाळी आमच्या घरी निरोप पाठवेल. गाडी पाच मिनिटं उशिरा सुटली. मी ती जाताना पाहिली. परत येताना गिरणीत गेले. त्यानं माझा नंबर उशिरा लावला होता. डबा अंगाला धरून जिना चढले तेव्हा पीठ गरम होतं.

हे मी जगात एकाच माणसाला सांगितलं होतं. ऊर्मीला, १९९७च्या १८ ऑगस्टला, आमच्या सहकारनगरच्या स्वयंपाकघरात.

त्या ऑगस्टमध्ये कौस्तुभ ऊर्मीला सोडून दुसऱ्या एका गायिकेकडे राहायला गेला होता. ऊर्मीच्या मुंबईतल्या घराखाली कॅमेरेवाले उभे होते. सहा तारखेला सकाळी ती डोक्यावरून ओढणी घेऊन माझ्या दारात आली. कॉलेजात आम्ही चार वर्षं एका बाकावर होतो. "हेमे, मला दोन दिवस लपव," म्हणाली. सोळा दिवस राहिली.

त्या सोळा दिवसांत खांबेटे सरांनी मला तीनदा विचारलं, "कुठेय ती?" तिन्ही वेळा मी म्हणाले, "माहीत नाही, सर." दुसऱ्या पेपरांनी ती गोव्यात आहे म्हणून छापलं, लंडनला गेली म्हणूनही छापलं. त्या वर्षातली सगळ्यात मोठी बातमी माझ्या स्वयंपाकघरात बसून लसूण सोलत होती.

तिनं एकच अट घातली होती. "तू पत्रकार आहेस, बाई. तुझ्या हातात पेन दिसलं की मला धडकी भरते." मी तिला आमच्या धंद्यातली रीत सांगितली. जे छापायचं नाही, ते बोलणाऱ्यानं बोलायच्या आधी सांगायचं. नंतर सांगून उपयोग नाही. सांगितलं की मी पेनाला टोपण लावते, आणि टोपण लावलेलं असताना जे ऐकलं, ते कधीच बाहेर जात नाही. तिला ते फार आवडलं. कौस्तुभबद्दल काही बोलायच्या आधी ती बोट वर करून म्हणायची, "टोपण." मी लावायचे. पेन नुसतं वाणसामानाच्या यादीसाठी हातात असलं तरी लावायचे.

"दिवाळीपर्यंत दहा गाणी द्यायचीत कंपनीला," एकदा म्हणाली. "चाली सगळ्या तो घेऊन गेला. माझ्याकडे एक ओळ नाही, हेमे." मी तिला ऑफिसचं एक कोरं पॅड दिलं. ती त्यात लिहायला लागली.

अठरा तारखेला तिनं विचारलं, "तुला कधी वाटलं नाही, निघून जावं?" मी सांगितलं. सांगून झाल्यावर शिवणयंत्राचा खण उघडून ते तिकीट घडी न उलगडता तिच्या हातात दिलं. आठ वर्षं ते बॉबिनांच्या डबीखाली होतं. तिनं ते उलगडून उजेडात धरून पाहिलं. मग पुन्हा घडी घालून मला परत दिलं, आणि मी ते तसंच डबीखाली ठेवलं.

त्यावेळी माझ्या हातात पेन नव्हतं.

दोन वाजता मी हॉटेलवर पोहोचले. कंपनीची एक बाई दाराशी होती. "पंचवीस मिनिटं हं, मॅडमना अजून चार जण भेटायचेत," म्हणाली आणि दार ओढून गेली. ऊर्मी खिडकीपाशी बसली होती. केस कापले होते. मला पाहून ती उठली, तेव्हा तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की मी ऐकलंय हे तिला कळलंय.

"बस. चहा घे. बिस्किटं पण खा, कंपनीची आहेत."

मी रेकॉर्डर टेबलावर ठेवला, लाल बटण दाबलं आणि पॅड उघडलं.

"अगं, कशी आहेस विचारशील की नाही?"

"कशी आहेस?"

"वाईट. तू?"

"'बारा चाळीस' म्हणजे काय?" मी विचारलं.

तिनं माझ्या हातातल्या पेनाकडे पाहिलं. मग बोट वर केलं. "टोपण."

"नाही."

"हेमे, टोपण लाव. मग सांगते सगळं."

"आज टोपण नाही. बोल. नाव काय, कुठून आलं, वाचकांना सांग."

रेकॉर्डरमधली फीत फिरत होती. ऊर्मीनं पाण्याचा घोट घेतला आणि रेकॉर्डरच्या दिशेनं थोडी वाकली. तिचा आवाज स्टेजवरचा झाला.

"दुपारी बारा चाळीसला मी माझं घर सोडलं. तो आकडा माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून ते नाव."

"आणि दळण?"

"ते... प्रतीक आहे. बाई कुठेही निघाली तरी घर तिला मागे ओढतं."

"तू आयुष्यात किती वेळा गिरणीत गेलीस, ऊर्मी?"

ती हसली नाही. मी रेकॉर्डर बंद केला.

"माझं आहे ते," मी म्हणाले.

"हो."

"नुसतं हो?"

"मग काय म्हणू? तुझंच आहे. रेकॉर्डिंगच्या दिवशी नऊ गाणी झाली होती. नऊच्या नऊ रडगाणी. कंपनीचा माणूस म्हणाला, यात ऐकणाऱ्या बाईला घरी न्यायला काही नाही. मी पॅड चाळलं. त्यात तू होतीस."

"तू लिहून ठेवलं होतंस?"

"त्याच संध्याकाळी. तू भाजी आणायला गेली होतीस."

"तीन वेळा मी माझ्या संपादकांना तोंडावर खोटं सांगितलं. तुझ्यासाठी. नोकरी गेली असती माझी."

"माहितेय."

"सोळा दिवस तू टोपण म्हणालीस, मी लावलं."

"अकरा वेळा म्हणाले. मी मोजलंय." ती आता शांतपणे बोलत होती. "आणि तू एकदाही म्हणाली नाहीस, हेमे. रीत तूच शिकवलीस मला. आधी सांगायचं, नंतर सांगून उपयोग नाही."

"मी मैत्रिणीला सांगत होते. गायिकेला नाही."

"मी पत्रकाराला सांगत होते. म्हणून दर वेळी टोपण लावायला लावलं. मला तुझी खात्री नव्हती." ती थांबली. "तुला माझी होती."

मी पॅड मिटलं.

"त्यात तुझं नाव नाही," ती म्हणाली. "गाव नाही. स्टँड नाही. पुण्यात हजार बायका गाडीकडे बघून परत येत असतील."

"त्यांतल्या एकीच्या नवऱ्याला कळलं तर?"

"भाऊजींना? भाऊजींना काय कळणार त्यातलं!" मग तिनं ओठ चावला. "त्यांना एक कॅसेट पाठवलीय घरी. सही करून. सोळा दिवस त्यांनी मला सकाळी चहा करून दिला, म्हटलं..."

"कधी पाठवलीस?"

"आज सकाळी. पोचली असेल."

त्या आठवड्यात श्रीरंगची पहिली पाळी होती. तो साडेतीनला घरी यायचा.

"अडवत नाही मी तुला," मी उठले तेव्हा ऊर्मी म्हणाली. "खरं काय ते छाप. हे गाणं माझ्या मैत्रिणीचं आहे, तिनं मला विश्वासानं सांगितलं, मी चोरलं. मी नाही म्हणणार नाही. शपथ."

ती ते मनापासून म्हणत होती. मी ते छापू शकत नाही, हेही तिला ठाऊक होतं. दोन्ही एकाच वेळी खरं होतं आणि तिच्या चेहऱ्यावर दोन्ही दिसत होतं.

दाराबाहेर कंपनीची बाई घड्याळ बघत होती. एकोणीस मिनिटं झाली होती.

पावणेतीनला मी ऑफिसात आले. खांबेटे सरांनी भुवया उचलल्या.

"दुपारी बारा चाळीसला तिनं घर सोडलं," मी म्हणाले.

"ती म्हणाली?"

"टेपवर आहे."

"झालं मग! हेडलाइन मिळाली. नऊशे शब्द दे."

मी लिहायला बसले. अकरा वर्षांच्या नोकरीत माझ्या एकाही बातमीवर खुलासा छापावा लागला नव्हता. नावं, आकडे, तारखा मी दोनदा ताडून बघायचे, आणि खांबेटे सर नव्या लोकांना माझी कॉपी दाखवायचे. त्या दिवशी मी ऊर्मीचं वाक्य जसंच्या तसं घेतलं आणि अवतरणचिन्हांत घातलं. अवतरणातलं वाक्य बोलणाऱ्याचं असतं. बातमीदाराची जबाबदारी एवढीच की ते बोललं गेलं, आणि ते बोललं गेलं होतं. खाली माझं नाव आलं. पाच पंचवीसला पान सुटलं.

"असं वाटतं, तू तिथं होतीस," सर कॉपी वाचून म्हणाले. दाद द्यायची असली की ते एवढंच म्हणायचे.

घरी पोहोचायला पावणेसात झाले. श्रीरंग पाय पसरून आरामखुर्चीत बसला होता. टेपरेकॉर्डर बंद होता. कॅसेटचं कव्हर टीपॉयवर उलगडून ठेवलेलं होतं. "प्रिय भाऊजींना, चहाबद्दल," असं ऊर्मीच्या अक्षरात, आणि वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं 21/11/97.

ही श्रीरंगची खोड. हातात येईल त्या कागदावर तो पेन्सिलीनं तारीख घालायचा. विजेचं बिल, वॉरंटी कार्ड, लग्नाची पत्रिका, काहीही. कारखान्यात ड्रॉइंगवर तारीख नसली तर ते ड्रॉइंग धरत नाहीत, म्हणायचा. सातावर आडवी रेघ मारायचा, एक आणि सात यांच्यात घोळ नको म्हणून.

"ऐकलीस?" मी चप्पल काढत विचारलं.

"दोन्ही बाजू. आवाज बसलाय तिचा. पण बसलाय तोच बरा वाटतोय."

"हं."

"कौस्तुभला चांगला धुतलाय. नऊ गाण्यांत." त्यानं कव्हर उचललं, घडी घातली. "ते शेवटचं दळणाचं आहे ना, त्यात चूक आहे."

मी स्वयंपाकघराच्या दारात थांबले. "कसली?"

"बाई गाडी सुटेपर्यंत स्टँडवर बसलीय. मग तिथून गिरणीत जायचं, मग घरी. पीठ इतका वेळ गरम राहील?"

"गिरणीवाल्यानं नंबर उशिरा लावला तर राहील," मी म्हणाले.

वाक्य तोंडातून गेल्यावर मला ते ऐकू आलं. गाण्यात नंबराचा उल्लेख नव्हता. रोज दुसऱ्यांच्या बोलण्यातली नेमकी अशीच वाक्यं पकडायचा मी पगार घेत होते.

श्रीरंगनं माझ्याकडे पाहिलं. मग कव्हर डबीत घातलं आणि डबी मिटली.

"असं," म्हणाला. "तर मग बरोबर आहे."

जेवताना तो कारखान्यातल्या नव्या लेथबद्दल बोलला. रविवारी त्यानं माझा लेख वाचला, चांगला झालाय म्हणाला, कोपऱ्यात तारीख घातली आणि रद्दीत न टाकता कपाटात ठेवला.

सोमवारी तो कामावर गेल्यावर मी शिवणयंत्राचा खण उघडला. बॉबिनांची डबी होती, दोऱ्याची रिळं होती, मोजायची टेप होती. तिकीट नव्हतं. मी खण काढून उलटा केला. यंत्र भिंतीपासून ओढून मागे पाहिलं. शेवटचं मी ते १८ ऑगस्टला पाहिलं होतं. त्यानंतर ऊर्मी तीन दिवस या घरात होती आणि श्रीरंग तीन महिने. मी दोघांपैकी कुणालाही विचारलं नाही.

कॅसेट किती खपली, मला माहीत नाही. पण पुढच्या वर्षी आमच्या पुरवणीकडे मुलींची पत्रं यायला लागली. स्वतः शब्द लिहिणाऱ्या, स्वतः चाल लावणाऱ्या. त्यांतल्या पुष्कळजणींनी 'बारा चाळीस'चं नाव घेतलेलं असायचं. मी त्यांतल्या काहींच्या मुलाखती घेतल्या. एक कोल्हापूरची मुलगी म्हणाली, "ते गाणं ऐकलं आणि कळलं, दळणावर पण गाणं होतं." मी ते छापलं. ऊर्मीशी माझं त्या दिवसानंतर बोलणं नाही. दिवाळीला तिचं कार्ड यायचं, दोघांच्या नावानं. श्रीरंग त्यावर तारीख घालायचा.

मी निवृत्त झाले. श्रीरंग माझ्या चार वर्षं आधी झाला. शिवणयंत्र विकलं नाही.

गेल्या वर्षी, म्हणजे १७ नोव्हेंबर २०२२ला, गुरुवारी, कुरिअरनं एक चौकोनी खोकं आलं. 'बारा चाळीस'ला पंचवीस वर्षं झाली म्हणून कंपनीनं तबकडी काढली होती. सोबत जाड कागदाची पुस्तिका होती. ऊर्मीच्या हातच्या ओळी होत्या, आमच्या ऑफिसच्या पॅडवरच्या. ओळखीचे लोक काय म्हणाले, ते होतं. माझ्या लेखातलं वाक्यही होतं, अवतरणचिन्हांत. आणि मधल्या दोन पानांवर, मोठं करून, एसटीचं एक आरक्षणाचं तिकीट होतं. खाली बारीक अक्षरात एवढंच: गायिकेच्या संग्रहातून.

मी भिंग आणलं. स्वारगेट ते रत्नागिरी. १४ नोव्हेंबर. वेळ बारा चाळीस. सीट तेवीस. क्लार्कचं कार्बनचं अक्षर पुसट झालं होतं. उजव्या वरच्या कोपऱ्यात आणखी काहीतरी होतं, ते कार्बनचं नव्हतं. छपाईत ते फिकट राखाडी आलं होतं.

7/2/92. सातावर आडवी रेघ.

मी ऊर्मीला बोटानं चाचपडत मेसेज लिहिला. पंचवीस वर्षांतला पहिला. "तिकीट तू घेतलंस की तुला कुणी दिलं?" दुपारी तीन वाजून आठ मिनिटांनी गेला. तीन दहाला खाली दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर आलं नाही.

श्रीरंग संध्याकाळी फिरून आला. मी पुस्तिका टीपॉयवर ठेवली होती, मधलं पान उघडून. तो हात धुऊन आला, चष्मा लावला, बसला. मी आत जाऊन कणीक मळायला घेतली. बाहेरून पान उलटल्याचा आवाज आला नाही. जेवताना तो पाणीकपातीबद्दल बोलला.

सकाळी पुस्तिका तशीच होती, त्याच पानावर उघडलेली. तिकिटाच्या चित्राखाली, कोपऱ्यात, पेन्सिलीनं नवीन तारीख पडली होती. 17/11/22.

ऊर्मीचं उत्तर अजून आलेलं नाही.